हृदय सांगतं, मीठ सोड

पूर्णा नदी सातपुड्यातून उतरते, अमरावती-अकोल्याची काळी जमीन ओलांडून बुलढाण्याच्या उत्तर अंगाने वाहते आणि चांगदेवला तापीत मिसळते. तिच्या दोन्ही काठांनी साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा खारपाणपट्टा पसरला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहीर खणली तर पाणी लागतं, पण घोट घशाखाली उतरत नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, उकळलं की भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. म्हणून तर जळगाव जामोद-संग्रामपूरसाठी वान प्रकल्पावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली. किडनीच्या आजाराच्या बातम्या या भागातून वर्षानुवर्षं येतात. तिथे दोष एकट्या पाण्याच्या माथी मारता येत नाही. मधुमेह, रक्तदाब, उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणं, अंगदुखीवर ऊठसूट खाल्लेल्या गोळ्या, सगळेच आपापला वाटा उचलतात.

पण पाण्याचा हिशेब तरी करून पाहू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत; दुसरा पर्यायच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यायचे. खारपाणपट्ट्यातल्या अनेक विहिरी हीही मर्यादा ओलांडतात. आपण मर्यादेवरचंच पाणी धरू. मे महिन्यात शेतात राबणारा माणूस दिवसाला चार लिटर सहज पितो, म्हणजे आठ ग्रॅम क्षार नुसत्या पाण्यातून पोटात जातात. ते सगळं काही खायचं मीठ नसतं. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेटही असतात, आणि थोडं मीठ घामावाटे जातंही. तरी जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाच्या जेवणात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि ठेचा, लोणचं, पापड अजून ताटात यायचेच आहेत.

आता मिठाचं शरीरात काय होतं ते पाहा. दवाखान्यात टांगलेली अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली आठवा. तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम. आपल्या रक्ताची खारट ओढही जवळपास तेवढीच. याचा अर्थ सरळ आहे: नऊ ग्रॅम मीठ अंगात अडकलं की त्याच्या जोडीला एक लिटर पाणी अडकतं. तहान लागते, माणूस पितो, आणि रक्ताचं आकारमान वाढतं. ते जादा मीठ-पाणी बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम.

पण मूत्रपिंडाला कळतं कसं, की नळ्यांमध्ये आता फार झालं? ती दोन्ही कमरेशी मागच्या बाजूला बसलेली. रक्ताचा साठा सगळ्यात आधी जाणवतो तो हृदयाला, कारण अंगभर फिरून आलेलं रक्त परत येतं ते त्याच्याच वरच्या कप्प्यांत, शाळेच्या पुस्तकातल्या अलिंदांत. रक्त जास्त झालं की अलिंदांच्या पातळ भिंती ताणल्या जातात. आणि त्या ताणल्या गेल्या की हृदय एक संप्रेरक रक्तात सोडतं, जे काही मिनिटांत मूत्रपिंडाला जाऊन सांगतं: मीठ सोड.

हृदय हा पंप आहे हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की पुढे त्यावर विचारच करत नाही. दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके, मिनिटाला पाचेक लिटर रक्त. एवढं काम पाहून आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो. हृदय ही एक ग्रंथीसुद्धा आहे हे जगाला नीट कळलं ते १९८१ साली. ज्ञानेश्वरीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत ज्या अवयवावर एवढं बोललं गेलं, त्याचं हे रूप माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर सापडलं.

खुणा आधीपासून होत्या. १९५६ साली ब्रुनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या अलिंदाच्या पेशींत गडद बारीक गोळ्या दिसल्या. खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, त्या नव्हत्या. त्याच वर्षी हेन्री आणि पिअर्स यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवून पाहिला, तर कुत्र्याची लघवी वाढली. दोन्ही गोष्टी छापून आल्या, पण त्या एकमेकींशी जोडाव्यात असं फारसं कोणाला सुचलं नाही. १९६४ मध्ये जेमिसन आणि पॅलेड यांनी त्या गोळ्यांचं बारकाईने वर्णन केलं आणि त्या संप्रेरकं साठवणाऱ्या ग्रंथींमधल्या गोळ्यांसारख्या दिसतात, असंही नोंदवलं. पॅलेड यांना पुढे पेशींच्या रचनेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. तरीही हृदयाच्या पेशीत हे साठवणीचं सामान कशाला, हा प्रश्न तसाच पडून राहिला.

तो उचलला अर्जेंटिनातून कॅनडात आलेल्या अडोल्फो डी बोल्ड यांनी. किंग्स्टन गावच्या क्वीन्स विद्यापीठात ते उंदरांच्या अलिंदातल्या त्या गोळ्या मोजत बसले. उंदरांना पाणी तोडलं की गोळ्या वाढत होत्या; मीठ-पाण्याचा भार टाकला की कमी होत होत्या. म्हणजे गरज नसताना माल साठतो आणि गरज पडली की बाहेर जातो. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अलिंद वाटून अर्क काढला आणि दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांत उंदराच्या लघवीतलं सोडियम तीसपटीहून वाढलं, लघवी दहापट झाली आणि रक्तदाब उतरला. निलयाचा अर्क तसाच टोचून पाहिला, तर काहीच घडलं नाही. चार नावांचा हा छोटासा निबंध १९८१ मध्ये ‘लाइफ सायन्सेस’मध्ये आला आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्या पदार्थामागे लागल्या. जपानमध्ये कांगावा आणि मात्सुओ यांनी १९८४ मध्ये माणसातल्या पदार्थाची रचना उलगडली: २८ अमिनो आम्लांची एक साखळी, तिच्यातली १७ मिळून झालेलं एक कडं. नाव पडलं एएनपी.

चारच वर्षांनी त्याच जपानी गटाला डुकराच्या मेंदूत त्याचा भाऊ सापडला. मेंदूत सापडला म्हणून ‘ब्रेन’मधला बी घेऊन त्याला बीएनपी म्हणू लागले. मग लक्षात आलं, तो मेंदूपेक्षा कितीतरी जास्त हृदयाच्याच निलयांत तयार होतो. तोवर नाव छापून झालं होतं. ते आजतागायत चिकटून आहे. तिसरा भाऊ, सीएनपी, १९९० मध्ये आला. आणि १९९२ मध्ये याच कुळातला एक रेणू आफ्रिकेतल्या हिरव्या मांबा सापाच्या विषात सापडला. भक्ष्याचा रक्तदाब पाडायला सापाला तो बरा पडत असावा. निसर्ग एकच युक्ती कुठे कुठे वापरतो, याला खरंच ताळतंत्र नाही.

हे संप्रेरक अनुभवायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. विहिरीत तासभर डुंबणाऱ्या पोराला लघवी का लागते? नुसती थंडी हे अर्धंच उत्तर. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर छातीकडे ढकलतो. अलिंदं ताणली जातात, एएनपी सुटतं, आणि मूत्रपिंड कामाला लागतं. शरीरात खरं तर थेंबभरही पाणी वाढलेलं नसतं. हृदयाची गोड फसवणूक झालेली असते. दिवसभर पाय सुजणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, त्यामागेही हेच एक कारण: आडवं झालं की पायांत उतरलेलं पाणी रक्तात परतून छातीकडे येतं.

शरीरात याच्या उलट बोलणारी संप्रेरकंही आहेत आणि ती जास्त जोरकस. ॲड्रेनॅलिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही मंडळी म्हणतात: आवळा, धरून ठेवा, मीठ जाऊ देऊ नका. आपल्या पूर्वजांना मीठ मिळायची मारामार होती, जखम झाली तर रक्त वाहून मरण्याची भीती होती, तेव्हा धरून ठेवणारेच तरले. म्हणून सोडणाऱ्या संप्रेरकांचा आवाज बारीक आणि धरणाऱ्यांचा मोठा.

तो मोठा आवाज एकाएकी बेभान झाला तर काय होतं, हे मराठी मुलखाने फार जवळून पाहिलं आहे. बुलढाण्याला खेटून असलेल्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं घामाने निथळत, हातपाय गार पडलेले, तोंडातून गुलाबी फेस येत दगावत होती. विंचवाच्या विषाने शरीरातलं ॲड्रेनॅलिन जातीचं सगळं रसायन एकदम उधळलं जायचं, रक्तवाहिन्या आवळल्या जायच्या, त्या दाबापुढे हृदय हतबल व्हायचं आणि फुफ्फुसांत पाणी भरायचं. बावस्करांनी या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ला लिहिलं, आणि रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी वापरून आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या. शेकडा चाळीसच्या घरात असलेले मृत्यू एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या रुग्णांमधली मला सगळ्यात नवलाची वाटते ती ही गोष्ट: वाचलेल्यांचं हृदय बहुतेक वेळा काही दिवसांत पूर्ववत चालू लागतं. मार जबर असला, तरी तो थोडक्या वेळाचा असतो.

वर्षानुवर्षं रोज थोडा थोडा बसणारा मार मात्र वेगळा. तो हृदयाची मातीच बदलतो.

हृदयात धडधडणाऱ्या स्नायूपेशींच्या मधल्या जागेत फायब्रोब्लास्ट नावाच्या शांत पेशी असतात. त्या कोलॅजेनचे धागे विणतात आणि स्नायूंना एकमेकांत धरून ठेवतात. एरवी हे विणकाम मोजकं असतं. रक्तदाब चढा राहिला, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन सतत वरच्या पट्टीत बोलत राहिले, टीजीएफ-बीटा नावाचा निरोप पेशीपेशींत फिरू लागला, की या शांत पेशी रूप पालटतात. त्या आकसू लागतात आणि कोलॅजेन ओतू लागतात. स्नायूच्या मधोमध पांढरट, कडक व्रणाच्या रेषा उमटतात. खारं पाणी देऊन देऊन चोपण झालेली जमीन पावसाचं पाणी आत घेत नाही, तसं हे हृदय ठोक्या-ठोक्याच्या मध्ये सैल होऊन रक्त आत घेत नाही. विजेचा संदेशही त्या रेषांपाशी अडखळतो आणि ठोक्यांची लय चुकते. एकदा गेलेली स्नायूपेशी भरून येणं अवघड, कारण हृदयाच्या पेशी फार हळू बदलतात. पन्नास-साठच्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग पेशींच्या डीएनएत काढून स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे मोजलं: पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. बाँबच्या धुराळ्याने हृदयाचं वय सांगावं, ही कल्पना कादंबरीत कोणी लिहिली असती तर ओढूनताणून आणलेली वाटली असती.

आता पुन्हा बीएनपीकडे येऊ, कारण खरं आश्चर्य अजून पुढेच आहे.

क्योटोच्या गटाने २००० मध्ये बीएनपीचा जनुकच काढून टाकलेले उंदीर वाढवले. अपेक्षा अशी, की मीठ सोडा सांगणाऱ्यांपैकी एक गेला, तर रक्तदाब वाढेल, हृदय फुगेल. तसं काही झालं नाही. रक्तदाब ठीक, हृदयाचा आकार ठीक. पण त्या हृदयांचे काप काचेवर ठेवले तेव्हा निलयात जागोजागी व्रणांचे ठिपके दिसले. हृदयावर दाबाचा भार टाकला की ठिपके वाढले, मोठे झाले. म्हणजे बीएनपी दुहेरी बोलतं. रक्तातून दूर मूत्रपिंडाला सांगतं, मीठ सोड. आणि शेजारच्याच फायब्रोब्लास्टला सांगतं, आवर, एवढं विणू नकोस. फायब्रोब्लास्टच्या आत सीजीएमपी नावाचा छोटा रेणू वाढतो आणि टीजीएफ-बीटाचा निरोप केंद्रकापर्यंत पोचू देत नाही.

आणि मिठाचा इथे थेट संबंध येतो. ब्रिला आणि वेबर या संशोधकांनी नव्वदीच्या सुरुवातीला उंदरांना अल्डोस्टेरॉन देऊन पाहिलं. जोडीला भरपूर मीठ दिलं, तेव्हा हृदयात व्रण उठले. मीठ कमी ठेवलं, तेव्हा त्याच संप्रेरकाने व्रण उठले नाहीत. त्या उंदरांत संप्रेरक आणि मीठ यांची हातमिळवणी झाली तरच हृदय कडक झालं. खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या रुग्णाकडे हे डोळ्यांपुढे ठेवून पाहावं. त्याची मूत्रपिंडं मीठ सोडत नाहीत, अंगातलं पाणी वाढतं, हृदय ताणलं जातं आणि व्रणांचं विणकाम वेग घेतं. डायलिसिसवर असलेल्या बऱ्याच माणसांना शेवटी दगा देते ती किडनी नव्हे, हृदय; आणि त्यामागे या व्रणांचा मोठा हात असतो.

हृदय ताणलं गेलं की बीएनपी जास्त तयार होतं, म्हणून रक्त तपासून ताण ओळखता येतो. धाप लागून आलेल्या माणसाच्या छातीत पाणी झालंय की दमा आहे, हे ठरवायला ही तपासणी २००२ च्या एका अभ्यासानंतर जगभर रुळली. त्या अभ्यासात धोक्याची रेषा होती मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅम. हे किती कमी? त्या प्रमाणात एक ग्रॅम बीएनपी मिसळायचं, तर दहा हजार लिटरचे एक हजार टँकर पाणी लागेल. आणि मूत्रपिंडं हे रेणू रक्तातून काढून टाकायलाही मदत करत असल्यामुळे किडनीच्या रुग्णात आकडा हृदयाच्या ताणाविनाही चढतो. म्हणून रिपोर्टमध्ये बीएनपीच्या शेजारी मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय शहाणा डॉक्टर तोंड उघडत नाही. घरच्यांनी रिपोर्ट हातात येताच गुगल करून घाबरण्यात काही अर्थ नाही, हे मात्र सांगून ठेवतो.

मग सरळ बीएनपीच का टोचू नये? टोचून पाहिलं. नेसिरिटाइड नावाने ते २००१ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून आलं, आणि २०११ मध्ये मोठ्या चाचणीत फारसा फायदा दिसला नाही. उलट्या वाटेने गेलेल्यांना यश आलं. शरीरात नेप्रिलिसिन नावाचं विकर या संप्रेरकांचे तुकडे करत असतं. त्याचाच हात धरला, तर स्वतःच्या हृदयाने बनवलेलं संप्रेरक जास्त वेळ टिकतं. सॅक्युबिट्रिल हे औषध ते करतं. जोडीला अँजिओटेन्सिनचा आवाज बंद करणारं व्हाल्सार्टन. २०१४ मध्ये आठ हजारांहून जास्त रुग्णांवर, ४७ देशांत, जुन्या एनालाप्रिलशी तुलना झाली आणि हृदयरोगाने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दवाखान्यात भरती होणं वीस टक्क्यांनी कमी झालं. या रुग्णांच्या रक्तात कोलॅजेन विणकामाच्या खुणाही उतरलेल्या दिसल्या. गंमत अशी, की हे औषध चालू असताना बीएनपी मोजलं तर ते औषधामुळेच वर दिसतं. मग त्याच्या जन्माच्या वेळी तुटून पडणारा दुसरा तुकडा, एनटी-प्रोबीएनपी, मोजायचा. नेप्रिलिसिन त्याला हात लावत नाही. आपल्याकडे ‘हार्टचं पंपिंग पंचवीस टक्केच आहे’ असं टूडी इकोचा कागद दाखवत सांगणाऱ्या बऱ्याच घरांत आता ही गोळी पोचली आहे, कारण २०२३ पासून तिच्या स्वस्त जेनेरिक आवृत्त्या निघाल्या. आणि त्याच घरात बहुधा स्पायरोनोलॅक्टोनही असतं. अल्डोस्टेरॉनला अडवणारी ही जुनी, अगदी किरकोळ किमतीची गोळी. १९९९ च्या चाचणीत तिने गंभीर रुग्णांतले मृत्यू तीस टक्क्यांनी घटवले होते. किडनी कमजोर असेल तर मात्र ही गोळी पोटॅशियम चढवते, म्हणून पूर्णाकाठच्या दवाखान्यात ती देताना हात आखडावा लागतो.

उमटलेला व्रण पुसता येईल का, यावर फिलाडेल्फियाच्या गटाने उंदरांत फार धिटाईचा प्रयोग केला. रक्तातल्या, रोगांशी लढणाऱ्या टी पेशींना रूप पालटलेले फायब्रोब्लास्ट ओळखून मारायला शिकवायचं. २०१९ मध्ये त्यांनी पेशी बाहेर काढून शिकवल्या. २०२२ मध्ये कोविडच्या लशीसारखं एमआरएनए टोचून त्या शरीरातच शिकवल्या, आणि उंदरांच्या हृदयातले व्रण कमी होऊन त्याचं काम सुधारलं. टी पेशींना असं शिकवण्याचं तंत्र आपल्या मुंबईत नवं नाही: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण तो रक्ताच्या कर्करोगावर आहे. हृदयाच्या बाबतीत अडचण वेगळीच. हार्ट ॲटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी जो जाड व्रण बनतो, तोच निलयाची भिंत सांधून धरतो. तो नीट धरण्याआधी विणकाम थांबलं, तर भिंत फाटू शकते. एमआरएनए काही दिवसांत विरघळून जातं आणि शिकवलेल्या पेशी आपलं शिक्षण विसरतात, हे त्या गटाला म्हणूनच सोयीचं वाटलं: पुढे कधी खरी जखम झालीच, तर व्रण धरायला फायब्रोब्लास्ट पुन्हा मोकळे असतील.